शेपट्याचा रिपोर्ट

आमच्या चेरीताल मोहल्ल्याच्या सभागृहात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. केसांच्या एका बटेवरून शरीरातली खनिजं ओळखणारे गुणवंतजी दोन महिन्यांनी पुन्हा आले होते.

"खून झूठ बोल सकता है, माताजी. बाल कभी नहीं बोलता," ते म्हणाले आणि माझ्या आईने, बेबीताईंनी, हात जोडले.

त्यांच्याकडून 'तुम्ही ठणठणीत आहात' असं ऐकून एकही माणूस परतला नव्हता. कुणात शिसं जास्त, कुणात जस्त कमी, औषध मात्र सगळ्यांना तीच तपकिरी भुकटी. रांगेतच त्यांचा मदतनीस गोड बोलून झोप, गुडघे, पित्त विचारून घेई आणि तेच रिपोर्टात छापून येई. सवाष्णीचे केस मुळातून कापणं आमच्याकडे अशुभ, म्हणून बायकांची बट ते शेपट्याच्या टोकाचीच घेत.

मागच्या खेपेला हेमलतावहिनीचा रिपोर्ट आला, शिसं भरमसाट. थायरॉइडची गोळी खनिजं खाते, ती बंद करा. आईने गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या. मी नवी बाटली आणली, तर आईने नर्मदामाईची शपथ घालून तीही वहिनीकडून काढून घेतली. वहिनीचा नवरा, माझा विष्णूदादा, आईपुढे कधी बोललाच नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, पण घरात माझं कोण ऐकतं?

वहिनीचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. भर मे महिन्यात ती शाल पांघरून बसू लागली, पोळी लाटता लाटता पेंगू लागली. एकदा स्वयंपाकघरात तिने मला जवळ ओढलं.

"ताई, तो रिपोर्ट माझा नाही. गंगावन लावते मी, खोटा शेपटा, नायलॉनचा. लग्नाआधीच या दुखण्यानं केस गेले. आईले सांगू नका. केस पाहूनच पसंत केलं होतं न मले."

म्हणजे बोलली तर सासूच्या मनातून उतरणार, गप्प बसली तर जिवावर बेतणार. तिला दिलेल्या वचनात मीही अडकले. माझी चिडचिड होत होती आणि भीतीही वाटत होती.

आज गुणवंतजींनी वहिनीच्या शेपट्याचं पुन्हा टोक कापलं, पाकिटावर नाव घातलं आणि भिंगातून पाहिलं. "वाह. गोली छोड़ी, सीसा आधा हो गया. अब गोली कभी नहीं."

"कभी नहीं?" वहिनीने विचारलं. उठताना तिचा तोल गेला, तिने माझा दंड धरला.

"कभी नहीं, बेटी."

वहिनीने मानेमागे हात नेला, आकडे काढले आणि अख्खी वेणी टेबलावर ठेवली. मानेवर सुपारीएवढा अंबाडा उरला होता.

"आई, हे बाजारातलं नायलॉन आहे. याच्यात माझं शिसं कुठून आलं?"

गुणवंतजी गडबडले नाहीत. "पहनने से शरीर की तरंगें उसमें उतर आती हैं."

"काहून खोटं बोलून राहिले, भैया?" मी म्हटलं. त्यांच्याच पाकिटातली बट चिमट्यात धरून मंचावरच्या समईवर नेली. ती वितळली आणि टोकाशी टणक काळा मणी झाला. मग माझा केस धरला. तो चुरचुरला, घाण वास सुटला, बोटांत राख आली.

"दीदी, नायलॉनलाही जस्त कमी पडलं का?" मागून कुणीतरी विचारलं. लोक हसले. वहिनी हसली नाही.

मी मुलांना सांगते तसंच सांगितलं. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो. त्याला पाणी, तेल, मेंदी सगळं चिकटतं. खऱ्या केसाच्या रिपोर्टावरूनही अशी रोजची गोळी सोडायची नसते. थायरॉइड रक्तात कळतं आणि गोळीचं काय करायचं ते तपासणारा डॉक्टर ठरवतो. आपली बट कुणाच्या हाती देण्याआधी एवढं विचारा, की ती कुणाची आहे हे तरी त्याला ओळखता येतं का?

आई उठली. वहिनीच्या डोक्यावर पदर ओढू लागली. वहिनीने तिचा हात हळूच बाजूला केला.

"पदर राहू द्या, आई. कपाटाची किल्ली द्या."

आईने कमरेची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.