गुरुवारच्या तबकड्या

कंपाउंडरला ऐकू येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्याच्या बायको-मुलापलीकडे कुणालाही ठाऊक नाही अशी त्याची पक्की समजूत होती. जन्मभर दवाखान्यात पुड्या बांधून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्याचं दुखणं त्याला दारातूनच कळायचं. स्वतःचं मात्र त्यानं दिलं होतं सोडून. मुलानं हौसेनं आणलेलं कानाचं मशीन कपाटाच्या खणात मोज्यांखाली पडून होतं. भिंतींना कान असतात म्हणतात. या घरात ते भिंतींनाच होते.

मशीन न लावायला कारण होतं गुरुवारचं. दर गुरुवारी दुपारी टेलर आणि मास्तर त्याच्याकडे रेकॉर्डी ऐकायला यायचे. लग्नाआधी तिघं एका भाड्याच्या खोलीत राहायचे, एकाच आरशात दाढी करायचे आणि पोटाला चिमटा काढून तबकड्या विकत घ्यायचे. पुढे ज्याची त्याची लग्नं झाली. प्लेअर कंपाउंडरचा, म्हणून तबकड्याही त्याच्याकडेच राहिल्या, आणि तबकड्यांमागून हे दोघं येत राहिले.

आता बहिऱ्याकडे गाणी ऐकायला कोण मरायला येणार? टेलरच्या मुलाकडे नवाकोरा प्लेअर होता. एकदा का मशीन कानात दिसलं आणि बातमी फुटली की दोघं तबकड्या काखोटीला मारून तिकडे जाणार आणि आपण गुरुवारी दुपारी पंख्याकडे बघत बसणार. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायचं तंत्र त्यानं चांगलं बसवलं होतं. गाणी तर पाठच होती. सुई कितव्या वळशावर आली की कुठलं कडवं, हे तो लांबून सांगू शकायचा. ताल तो टेलरच्या पायावरून धरायचा, कारण आयुष्यभर शिलाई मशीन मारलेला तो पाय कधी चुकायचा नाही. आणि त्यांच्या त्या लाडक्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याला, जिथं ती बाई गेलेल्या माणसासाठी दार उघडं ठेवते, तिथं मास्तर रडायचा. तरुणपणीही रडायचा, तेव्हा तर त्याचं कुणी कुठं गेलंही नव्हतं. मास्तरनं रुमाल काढला की कंपाउंडर "वा!" म्हणायचा. गाणं संपलं की मग एकटाच बोलत सुटायचा. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही, हे तो दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांकडून शिकला होता.

त्या गुरुवारी बायको बहिणीकडे गेली होती. दोघं आले, चहा झाला, कंपाउंडरनं लाडकी तबकडी लावली, अँप्लिफायरचा लाल दिवा पेटलेला बघितला, सुई ठेवली आणि डोळे अर्धे मिटून मान डोलवायला लागला.

पण आज काहीतरी बिनसलं होतं. टेलरचा पाय मध्येच थांबायचा, कंपाउंडरच्या मानेकडे बघायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. पायाला डोळे नसतात, पण टेलरला होते आणि ते सारखे इकडेच. मास्तरनं तर कहरच केला. दुसरं कडवं निम्म्यावर असतानाच रुमाल काढून बसला. कंपाउंडरनं सवयीनं "वा!" म्हटलं आणि मग त्याचं सुईकडे लक्ष गेलं. म्हातारे झाले बिचारे, तो मनात म्हणाला. टेलरचा ताल गेला, मास्तरची अक्कल गेली. आपले नुसते कान तर गेलेत.

तेवढ्यात बायको घरी आली. दारातच थबकली. तिनं तोंड उघडलं, तसं मास्तरनं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. गाणं चालू असताना बोलू नये हा त्यांचा जुनाच नियम होता, त्यामुळे कंपाउंडरला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोघं गेल्यावर बायको त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिला त्याला काही सांगायचं असलं की असंच समोर, तोंडाकडे तोंड करून सांगावं लागे.

"अहो, गाणी ऐकलीत?"

"म्हणजे काय! आज तर काय रंगलं होतं!"

"काल फरशी पुसताना माझ्या हातून स्पीकरची वायर निघालीय. लावायची राहून गेली. बघा जा मागं."

त्यानं बघितलं. वायर कपाटामागे पडली होती.

"मी दारातून बघतेय, तर घरात चिडीचूप, आणि तिघं म्हातारे माना डोलवताहेत. म्हटलं, झालं, तिघंही कामातून गेले!" तिला हसू आवरत नव्हतं, आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं. "दोन वर्षं झाली, त्यांना सगळं ठाऊक आहे. जिन्यात गाठून विचारलं होतं मला, त्याला ऐकू येतं का म्हणून. मी म्हटलं, दाराची बेलसुद्धा येत नाही. तर टेलरभावजी म्हणाले, बरं, मग गुरुवारी येतो."

कंपाउंडरनं वायर पुन्हा जागेवर खोचली. दोन वर्षं त्या दोघांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. मग तो कपाटाशी गेला आणि मोजे उपसायला लागला.

पुढच्या गुरुवारी मशीन कानात होतं. वायरही जागेवर होती. टेलरनं मशीन बघितलं, मास्तरनं बघितलं, आणि दोघांनीही चहात साखर कमी पडल्याची तक्रार केली. कंपाउंडरनं सुई ठेवली.

अरे देवा! कढईत काहीतरी तळायला टाकावं तसा आवाज. चर्र, चर्र, आणि त्यात कुठं तरी खोल ती बाई. तबकडी झिजून पार चिंध्या झाली होती. त्याच्या डोक्यात ती दोन वर्षं कोरी करकरीत वाजत होती, आणि हे दोघं हे असलं ऐकायला जिने चढून येत होते. वर आणखी एक आवाज होता. टेलर गात होता. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं आणि संपूर्ण बेसूर. बहिऱ्यापुढं लाज कसली, म्हणून दोन वर्षांत लागलेली सवय असणार. आज जीभ आपोआप सुटली होती.

कंपाउंडर उठला, कपाटामागे हात घातला आणि वायर काढली. खोली गप्प झाली. टेलरही गप्प झाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"का रे? वायर का काढलीस?" त्यानं विचारलं.

"तुझं ऐकायचंय," कंपाउंडर म्हणाला. "दोन्ही एकदम ऐकू येत नाहीत."

तबकडी मुकाट्यानं फिरत होती. टेलरनं घसा खाकरला, पाय सावरला आणि भीत भीत दुसरं कडवं उचललं. सूर जिथं हवा तिथं नव्हताच. तिसऱ्या कडव्याला मास्तर रुमाल शोधत होता, पण तो त्याला मिळेना, कारण त्याच्याआधी कंपाउंडरनं हात पुढं करून तो उचलला होता आणि स्वतःच्या डोळ्यांना लावला होता.