सात तास आणि चावलेली रोटी

मी मर्गिलान शहरातल्या एका घरात खिळ्याला टांगलेली, एक घास चावलेली रोटी बोलतेय. सहा वर्षांनी सोलहून परतताना ओयदिनला वाटलं होतं, आई दारातच रडत गळ्यात पडेल. पण आईने, हनिफाने, बॅग आत घेतली आणि विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं?"

"पुढच्या आठवड्याचं," ओयदिन पुटपुटली.

आमच्याकडे दूर निघालेला माणूस रोटीचा एक घास चावतो. उरलेली टांगून ठेवतात. परतल्यावर ती त्यानेच संपवायची. पण परतण्यापेक्षा अंतर मोजणं माणसांना सोपं जातं.

शेजारचा होशिममामा बसला की सुरूच. "पाच हजार किलोमीटर, ताई! विमानात सात तास. एक डुलकी काढली की सोल!" हा गृहस्थ जन्मात दोनदा ताशकंदला गेला आणि दोन्ही वेळा घाटात ओकला. ओयदिनही फोनवर तेच म्हणायची, "सात तासांवर तर आहे मी, आई." सहा वर्षांत तिला हे सात तास सापडले नाहीत, आणि म्हणे विज्ञानाची पदवी! मला त्या आकड्याची किळस आली आहे.

संध्याकाळी ओयदिनने मला खाली काढलं. माझा चावा निरखला. चाव्याच्या मधोमध एका दाताएवढी रोटी तशीच उरली होती. तिचे दात तर सलग, सरळ.

"आई, हा चावा माझा नाही."

हनिफा चहा ओतत राहिली. "तुझी रोटी तिसऱ्या वर्षी उंदराने नेली. रिकामा खिळा बघवेना. दुसरी भाजली."

"आणि चावलीत तुम्ही? त्या दात पडलेल्या तोंडाने?"

"मग काय होशिमला बोलावू?"

दोघी हसल्या. ओयदिन आधी थांबली. "ज्याने चावली त्यानेच संपवायची ना? म्हणजे तीन वर्षं प्रवासात तुम्ही होतात."

"रोज निघायचे," हनिफा म्हणाली. "सात तासांत एकदाही पोचले नाही."

सकाळी खिळा रिकामा पाहून हनिफाने तंदूरमधून गरम रोटी काढली आणि दोन्ही हातांनी लेकीपुढे धरली. "चाव. निघताना घाई होते."

ओयदिनने ती न चावता जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानवर ठेवली, फोन घेतला आणि तिकीट रद्द केलं. "इथल्याच शाळेत शिकवेन," ती म्हणाली.

दारातून होशिममामा ओरडला, "डोकं फिरलं का पोरी? सात तासांवर सोल आहे!"

"मग तुम्ही जा, मामा. डुलकी काढा."

तिने मला मोडून आईच्या चहाच्या वाडग्यात टाकलं. "संपवा. मी बसलेय."

येते मी. तीन वर्षांची वाळलेली आहे, भिजायला वेळ लागेल; तोवर बसू दे दोघींना. तेवढा खिळा मात्र उपटा.