डांबराच्या कडेला

उस्तादांच्या पत्राला उत्तर लिहायचं राहिलंय, हे गुरुसिद्धप्पाला रोज सकाळी नेमकं ओढ्यावरच्या फरशीच्या पुलावर आठवायचं. तिथं वस्तीकडून येणारी काळ्या मातीची वाट संपायची, डांबर लागायचं आणि पिकअपचे चारही टायर एका सुरात घुमायला लागायचे. तो सूर कानावर पडला की त्याची नजर काचेच्या वरच्या, ऊन अडवायच्या झडपेकडे जायची. तिच्यात खोचलेलं पोस्टकार्ड तिथंच असायचं. पत्र आलं तेव्हा रानं कोरडी होती. आता सोयाबीन गुडघ्याला आलं होतं.

पत्र महालिंगप्पांचं होतं, माकणीहून आलेलं. नळदुर्गच्या हायवेवर मालट्रक चालवताना त्यांनीच गुरुसिद्धप्पाला स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून त्यांचे दोन्ही कान गेले. फोनवर बोलायची सोय उरली नाही, म्हणून ते पोस्टकार्ड लिहायचे. अक्षर मोठं आणि गाडीच्या पाठीमागं रंगवल्यासारखं.

‘तू गाडीला ते जाड नक्षीचे ऑल टेरेन टायर टाकलेस असं कळलं,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘आमचा युवराज पुण्याला नोकरीला गेला. घरची पिकअप आता सूनबाई चालवणार. दीपालीचा हात चांगला आहे, मी शेजारी बसून पाहिलं. रोज मिरची-टोमॅटो घेऊन चिखलातून निघायचं आणि पुढं सगळं डांबर. तुझ्यासारखाच रस्ता. ते टायर रोजच्या कामाला कसे आहेत, खरं कळव. एकदा जरी गाडी फसली तरी किल्ली काढून घ्यायला घरात टपलेत. तू सांगशील तसं करू.’

शेवटच्या वाक्यानंच घोळ केला होता. गुरुसिद्धप्पाला आजवर कुणी ‘तू सांगशील तसं करू’ म्हटलं नव्हतं. आणि कुणी म्हणू नये अशीच त्यानं तजवीज ठेवली होती. कशाबद्दलही विचारलं तरी तो म्हणायचा, “बघावं लागंल.” मुरुम गावात त्याचं नावच ‘बघावं लागंल’ पडलं होतं. डेअरीच्या शीतकरण केंद्रावर दुधाचे कॅन उतरेपर्यंत तो सीटमागची प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वाचनालयाची पुस्तकं काढून वाचत बसायचा. पुस्तकातल्या माणसांना कुणी सल्ला विचारत नाही, हे त्याला बरं वाटत असावं.

तसं उत्तर लिहायला तो बसला नव्हता असं नाही. पण काय लिहिणार? टायर चांगले म्हणावेत तर ते खोटं नव्हतं. वस्तीच्या वाटेवर मधेमधे टाकलेला धारदार मुरूम त्यांनी कधी मनावर घेतला नाही. जुन्या टायरांना पंक्चर ठरलेलं, यांना खिळाही लागेना. ओढ्यातल्या वाळूत भरल्या गाडीचं मागचं चाक गरगरायचं, ते बंद झालं. पण डांबरावर? टायर विकणारा शिवकुमार म्हणाला होता, “काका, नावातच हाय, ऑल टेरेन. कुठंबी घाला. डोळं झाकून.” डोळे झाकले तरी कान कुठं झाकायचे? वेग वाढला की गाडी घुमायची, आणि शेजारी बसलेला माणूस ओरडून बोलायचा. डिझेल वाढलं. रिकामी गाडी खड्ड्यात आदळायची. स्टिअरिंग जड झालं. आणि पावसात, ओल्या डांबरावर, ब्रेक मारल्यावर गाडी आपण म्हणू तिथं न थांबता जरा पुढं जाऊन थांबते, असं त्याला वाटायचं. वाटायचं, एवढंच. खरंच तसं होतं की आपलाच पाय म्हातारा झाला, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

“तुमची गिरणी आली की म्या चहा ठेवते,” त्याची बायको नागूबाई म्हणायची. “तेवढाच फायदा त्या टायरांचा.”

“चांगले हायेत गं तसे.”

“मंग तसं लिवा की उस्तादांस्नी.”

“बघावं लागंल.”

“बगा. ती पोर म्हातारी हुईस्तोवर बगा.”

नागूबाईला पत्रातलं सगळं ठाऊक होतं. कार्ड पोस्टमननंच तिला वाचून दाखवलं होतं.

त्या दिवशी आदल्या सांजेपासून पावसाची झड होती. वस्तीवर कॅन भरता भरता उशीर झाला. वाट लोण्यासारखी झाली होती. पण पिकअप गुरगुरत, डुलत, सगळं दूध घेऊन वर आली. आपली एकट्याची गाडी निघाली याचं गुरुसिद्धप्पाला जरा बरंच वाटलं. वस्तीवर दोघांच्या मोटारसायकली बांधावरच पडल्या होत्या.

फरशी ओलांडून डांबराच्या कडेला यायचं, गाडी थांबवायची, सीटखालचा स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा घेऊन खाली उतरायचं आणि चारही चाकांचा चिखल खरवडून काढायचा, ही उस्तादांची जुनी शिस्त. त्या भागात सगळेच तसं करायचे. कडेला चिखलाच्या ढेपांचा ढीगच साचलेला असायचा. नवे टायर टाकल्यावर गुरुसिद्धप्पानं ते हळूहळू सोडून दिलं होतं. शिवकुमारनं सांगितलं होतं की या नक्षीतून चिखल आपोआप उडून जातो. उडतही असेल. दुसऱ्या कुठल्या मुलखातला चिखल उडत असेल. त्यात त्या दिवशी उशीर झालेला, पाऊस लागलेला, आणि गुडघे दुखत होते. तो उतरला नाही.

डांबरावर गाडी चढली आणि टायर घुमले नाहीत. हे त्याच्या लक्षात आलं. पण त्याचा अर्थ लक्षात यायच्या आत पुढचं वळण आलं. वळणावर मेंढ्या होत्या. त्यानं ब्रेक दाबला. चाकं थांबली. गाडी थांबली नाही. साबणाच्या वडीसारखी ती सावकाश, अगदी सावकाश डावीकडे निघाली, आणि काही आवाज न करता पुढच्या चाकानं रस्त्याकडेच्या चारीत उतरून तिरकी उभी राहिली. मागं एक कॅन आडवा झाला. पांढरी धार डांबरावरून वाहत मेंढ्यांपर्यंत गेली.

मेंढ्यांमागून घोंगडीची खोळ घेतलेला धुळाप्पा आला. त्यानं आधी मेंढ्या बघितल्या, मग गाडी, मग ड्रायव्हर.

“लागलं न्हाय न्हवं, आप्पा?”

“न्हाय.”

“मंग हसू का आता?”

गुरुसिद्धप्पानं खाली उतरून चाकाला हात लावला. नक्षी दिसतच नव्हती. काळी चिकट माती खाचाखाचांतून गच्च बसून टायर भाकरीसारखा सपाट झाला होता. वाटेवर ज्या खाचांनी चिखल धरला म्हणून गाडी वर आली, त्याच खाचांनी तो इथंवर सोडला नव्हता.

पाट्याचा तुकडा काढून तो उकिडवा बसला आणि खरवडू लागला. धुळाप्पानं काठीच्या टोकानं दुसरं चाक धरलं.

“येवढं म्हागाचं टायर घेतलं,” धुळाप्पा म्हणाला, “आन शेवटी खरवडायलाव की वो आमच्यावानी.”

“व्हय.”

“मागल्या बाजारी म्या माकणीला गेलतो, भैनीकडं. तुमच्या उस्तादाच्या सुनंची गाडी बी अशीच फसली की. कॅनॉलच्या पल्याड. जुनंच गुळगुळीत टायर.”

गुरुसिद्धप्पाचा हात थांबला.

“लागलं का तिला?”

“तिला काय हुतंय. चांगली वाघीण हाय. ट्रॅक्टर लावून काढली गाडी. पर लोकं जमली ना बघाया. निस्ती जत्रा. आन त्यो रणधीर, तिचा दीर, त्यानं तितंच, समद्याम्होरं किल्ली काढून घेतली. बाईमाणसाचं काम न्हाय म्हणं.” धुळाप्पानं एक ढेप काठीनं उडवली. “म्हातारा लई वरडला. पर बहिऱ्याचं वरडनं, त्याला वाटतंय हळूच बोलायलोय. टायर बदलायचं हुतं म्हणं त्येंच्या मनात, पर कुणाच्या तरी पत्राची वाट बघत ऱ्हायले.”

पाऊस भुरभुरत होता. मेंढ्या ओल्या लोकरीचा वास सोडत रस्त्यात उभ्या होत्या.

“एक सांगा मला, आप्पा,” धुळाप्पा म्हणाला. “तुमी शिकल्यालं. बाई फसली की बाईमुळं फसली, आन गडी फसला की चिखलामुळं. आसं कसं वो?”

गुरुसिद्धप्पा ‘बघावं लागंल’ म्हणाला नाही. तो उरलेल्या चाकाकडं सरकला.

धुळाप्पानं खांदा लावला, वस्तीवरून आलेल्या एकानं दगड लावले, आणि गाडी वर आली. डेअरीवर उशिराचं कारण विचारलं तेव्हा गुरुसिद्धप्पाच्या तोंडून सहज निघून गेलं, “पंक्चर झालं.” सुपरवायझर म्हणाला, “काका, वय झालं आता. एखादा तरणा ड्रायव्हर ठेवा, न्हायतर ही दुधाची लाईन दुसऱ्याला द्यावी लागंल.” तो हे हसत म्हणाला, पण पहिल्यांदा म्हणत नव्हता.

घरी आल्यावर गुरुसिद्धप्पानं जेवणसुद्धा केलं नाही. कपाटातून आंतरदेशीय पत्र काढलं, आणि ओसरीवर बसून लिहू लागला. दुपार टळली तरी मजकूर जमेना. ‘टायर एकंदरीत बरे’ असं लिहिलं आणि खोडलं. ‘परिस्थितीनुसार’ हा शब्द त्याला आवडला, म्हणून तोही खोडला. मग तो उठला आणि आत जाऊन कोरं पोस्टकार्ड घेऊन आला.

नागूबाई तांदूळ निवडत होती. तिनं बघितलं.

“उगडं कार्ड?”

“व्हय.”

“हितं पोस्टात वाचतेल. तितं पोस्टमन वाचंल, पारावरचे वाचतेल. अख्खी माकणी वाचंल.”

“वाचू दे.”

आता त्याला मजकूर सापडला. लिहिताना हात थांबला तो एकदाच, मध्यावर, आणि तेव्हाही त्यानं खोडलं काही नाही. लिहून झाल्यावर त्यानं कार्ड नागूबाईला वाचून दाखवलं. तिनं सूप खाली ठेवलं.

“सकाळी गाडी चारीत गेलती?”

“व्हय.”

“मला बी न्हाय सांगितलं?”

“आता सांगायलोय की.”

“डेअरीवाल्याचा मेव्हणाच बसतोय पोस्टाच्या खिडकीत,” ती म्हणाली. “लाईन काढून घेतेल तुमची.”

“घेतेल.”

“मंग?”

गुरुसिद्धप्पानं चष्मा काढून पुसला. “जाऊन येतो,” तो म्हणाला.

कार्ड बाहेरच्या पेटीत टाकता आलं असतं. पण पेटीतली डाक उद्या निघते, आणि आधीच पुष्कळ उशीर झाला होता. त्यानं ते खिडकीत हातात दिलं. खिडकीतल्या माणसानं पत्ता बघितला, कार्ड सवयीनं उलटलं, आणि त्याचे ओठ हलू लागले. 

‘तीर्थरूप उस्तादांस शरणार्थ. उत्तराला उशीर केला, त्याचं नुकसान दीपालीला झालं. टायर खडी, मुरूम, वाळू यांना उत्तम. डांबरावर आवाज फार, डिझेल जास्त. ओल्या डांबरावर भरवसा ठेवू नये. आपल्या काळ्या मातीत यांच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. तरी तुमच्या वाटेला हेच टाका, पण डांबराच्या कडेला उतरून चारही चाकं खरवडल्याशिवाय वर चढू नये, तुम्ही शिकवलं तसं. आज मी उतरलो नाही. चांगले टायर असताना, इतकी वर्षं गाडी चालवून, माझी गाडी चारीत गेली आणि दूध सांडलं. डेअरीत मी पंक्चर सांगितलं, ते खोटं. दीपालीची गाडी फसली तशीच माझी फसली. माझी किल्ली कुणी काढून घेतली नाही. हे कार्ड रणधीरला वाचायला द्यावं. गुरुसिद्धप्पा, मुरुम.’

खिडकीतल्या माणसानं मान वर केली.

“काका, हे… तुमचंच?”

“माझंच.”

“न्हाय, म्हणजे… कार्ड हाय. उगडं जातंय. पाकीट देऊ का?”

“नको.”

त्या माणसानं आणखी काही विचारायचं म्हणून तोंड उघडलं, पण गुरुसिद्धप्पा तिथून हलला नव्हता आणि खालीही बघत नव्हता. त्याच्या बाहीला सकाळचा चिखल वाळून चिकटला होता. माणसानं शिक्का शाईत बुडवला आणि कार्डावर मारला, आणि ते माकणीकडच्या पिशवीत टाकलं.