दिवाणखान्यातला रांजण

मी रांजण बोलतोय. लातूरला, गुरुपादप्पा मालकांच्या दिवाणखान्यात उभा आहे. पोटात प्लॅस्टिकची फुलं आहेत.

लातूरचा नवा जिल्हा झाला, पाठोपाठ दुष्काळ पडला, तेव्हाचा माझा जन्म. ग्यानोबा कुंभाराच्या घरचा रांजण फुटला होता आणि गावात टँकर यायचा आठवड्यातून एकदा. माती तळ्यात रग्गड होती, भिजवायला पाणी नव्हतं. ग्यानोबाच्या बायकोनं, गुणाबाईनं, प्यायची घागर मातीत रिकामी केली आणि टँकर येईस्तोवर घोटाघोटावर काढलं.

थापी मारून मारून तिनंच माझं पोट फुगवलं. आव्याच्या भट्टीत बाभळीचा जाळ माझ्या कुशीवरून गेला, म्हणून मी एकीकडं काळा, मध्ये जांभळा, पुढं लाल. तिनं रंग पाहिलाच नाही. टिचकी मारली आणि म्हणाली, "खणखणीत हाय. पाणी गार ठिवंल."

टँकरचा ठेका गुरुपादप्पांचा. ते गावात आले आणि माझ्यावरून हात फिरवत राहिले. "काय रूप हाय रे ग्यानोबा! थापीची एकेक खूण बोटाला लागतीया. मला दे."

"मालक, घरच्या पाण्यासाठी केलाय ह्यो," गुणाबाई म्हणाली.

"टँकर तुमच्या गल्लीत थांबवायचा का न्हाई, ते मीच ठरवतो की," मालक हसून म्हणाले.

ग्यानोबानं स्वतःच्या हातानं मला जीपमध्ये चढवलं.

मालकांना रसिकता भारी! जाळाचा रंग उडू नये म्हणून त्यांनी मला व्हार्निश चोपडलं. माझं पाझरणं तेव्हाच संपलं, पाणी गार करणंही.

एका दुपारी गुणाबाई आली. पाहुणे बसले होते. उंबऱ्याबाहेरूनच ती म्हणाली, "मालक, टँकर दारात थांबतोय, पर भरून ठिवायला भांडं न्हाई. दोन घागरी भरत्यात, बाकी पाणी डोळ्यादेखत फुडं जातंय. दुसरा करायचा तर पुन्ना प्यायचंच पाणी मातीत घालावं लागंल. रांजण परत द्या."

मालक पाहुण्यांकडं वळले. "बघा, हिनंच घडवलाय. आपली कला बघायला गावाहून आलीया!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गड्यानं वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. ती माझ्याकडं बघत प्याली आणि गेली. मला लाज वाटली, रागही आला.

तुम्हीही कधी मला बघायला याल. कौतुक नको. येता-जाता जोरात धक्का द्या आणि खापरं उकिरड्यावर फेका. एखाद्या कोंबडीपुरतं तरी पाणी त्यात मावेल.