येळवशीचं तिकीट

आमच्या लातूरच्या मुरुडकडं येळवशीला कुणाच्याबी रानात जेवाया परवानगी लागत न्हाई. मार्गशीर्षातल्या त्या अवसंला समदे रानात पूजा करून तिथंच जेवत्यात. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं, अन् बोलावल्यावर न्हाई म्हणायचं न्हाई. हे शेंबड्या पोराला बी ठावं. पण आमच्या शेजारचा शिवशंकर तेवढं इसरला, काय करावं!

तसा गडी कामसू. रानात त्यानं शहरातल्या लोकांसाठी हुरडा पार्टी सुरू केलती. लोक यायचे, खायचे, फोटो काढून जायचे. हुरडा सरला की गिऱ्हाईक बंद. धंदा टिकावा, वाढावा म्हणून लातूरला कसल्या शिबिराला जाऊन आला. तिथला साहेब म्हणला म्हणं, जे तुमच्याकडंच हाय अन् दुसरीकडं न्हाई, ते इका. झालं. ह्यानं येळवसच इकाया काढली. मोबाईलवर जाहिरात टाकली, 'अस्सल येळवस, आईच्या हातची भज्जी'. भज्जी म्हंजे ओले दाणे अन् पालेभाज्या एकत्र शिजवलेली येळवशीची भाजी, अन् आई म्हंजे लक्ष्मीबाई. तिला इचारलं सुदिक न्हाई. ती म्हणली, येळवशीचा घास कुणी इकतं का? तर हा म्हणतो, जमाना बदलला, आई.

येळवशीला गाड्या भरून माणसं आली. कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पाच दगड पुजले, रानात ताकाची आंबिल शिंपडली, पाहुण्यांनी त्याचे व्हिडिओ काढले. त्याची बायको सुकन्या कागदी पट्टे घेऊन बांधावर उभी. पैसे भरले की मनगटाला पट्टा, मगच जेवण.

अन् त्याच बांधावरून सिद्धराम काका आला. दोघांची रानं एका बांधाची. दरसाली त्यानं इथं भज्जी चाखायची, मग ह्यांनी त्याच्याकडं जायचं, हे बापजाद्यापासनं. शिवशंकरचा बाप गेला त्या साली ह्यांची पेरणी ह्याच माणसानं करून दिली होती. त्याला वाटलं, पट्टा म्हंजे पूजेचा धागा. त्यानं हात फुडं केला.

"बांध, पोरी."

सुकन्या घोटाळली, नवऱ्याकडं बघाय लागली. पाहुणे बघत होते. ह्याला फुकट बसवलं तर बाकीचे काय म्हणतील, असं शिवशंकरच्या मनात आलं आसंल. हळूच म्हणला, "काका, हे पैसे भरलेल्यांसाठी हाय. तुमी सांजच्याला या."

काकानं हात मागं घेतला. रागावला असता तरी बरं वाटलं असतं. "बरं बरं," म्हणला अन् आल्या वाटेनं गेला. मी बांधाकडंला उभा होतो, मलाच मेल्याहून मेल्यागत झालं. लक्ष्मीबाईनं हातातली पळी भज्जीत टाकली, पदर सावरला अन् ती काकाच्या मागं निघाली. तिच्या मागं शिवशंकर. पाहुण्यांना वाटलं, हा बी कार्यक्रमच हाय. तेबी निघाले सगळे.

सिद्धराम काका आपल्या कोपीपाशी जेवाया बसत होता. एवढी माणसं बघून उठला अन् या, या म्हणत सगळ्यांना पंगतीला बसवलं. शिवशंकरला बी हाताला धरून बसवलं. काकूनं बाजरीचे वाफवलेले उंडे अन् भज्जी वाढली.

"भावजी, तोंड दावायला जागा ठेवली न्हाई ह्यानं," लक्ष्मीबाई म्हणली.

"वयनी, आज येळवस हाय. आधी जेवा."

शिवशंकर ताटातला उंडा नुसता कुस्करत बसला. उठावं तर येळवशीचं ताट टाकून उठता येत न्हाई. मान खाली घालून खाल्लं त्यानं, समदं.

आता खरी गंमत हितं हाय. पाहुण्यांनी काकाच्या पंगतीचेच व्हिडिओ टाकले. लोकांना ते लई आवडले. तवापासनं शिवशंकरचा फोन थांबंना. फुडच्या सालाला येतो म्हणणारे ढीगभर, अन् सगळ्यांचं इचारणं एकच, त्या काकांकडं जेवाया न्याल ना? त्या साहेबानं सांगितलं तसं, दुसरीकडं न्हाई ते घावलं खरं, पण ते ह्याचं न्हवतंच.

"जा की मग," लक्ष्मीबाई म्हणली. "तूच इचार त्येला."

तो रोज बांधापर्यंत जातो. काका तिकडून हात करून च्या प्यायला बोलावतो. अन् हा हरभऱ्यावर अळी बघाया आल्यागत वाकतो, दोन पानं उलटीपालटी करतो अन् माघारी फिरतो.