सुभेदाराचं पड रान

नवी मुंबईत मुलींच्या फुटबॉलचा जागतिक करंडक होणार अशी बातमी आली आणि सगळ्या देशाबरोबर कराडच्या अलीकडचं ते गावही येडं झालं. टीव्हीवर रोज मैदानाचं हिरवंगार गवत दाखवत. तालमीतल्या पोरांनी केसांवर फुटबॉल कोरून घेतले. गणपतीत मंडळानं उंदराच्या पुढ्यात लाडवाऐवजी चेंडू ठेवला. ज्यांनी जन्मात गोलपोस्ट पाहिला नव्हता, ती माणसं चहाच्या टपरीवर ऑफसाइडवरून एकमेकांची गचांडी धरायला लागली. आणि हे सगळं बघून सुभेदार लालासाहेबांच्या पोटात दुखायला लागलं.

साधंसुधं दुखणं नव्हतं ते. लालासाहेबांनी पलटणीच्या संघातून कित्येक वर्षं फुटबॉल खेळला होता. डावी बाजू त्यांची. डाव्या पायाचा त्यांचा फटका असा होता म्हणे, की गोलकीपर आधी चेंडूच्या वाटेतून बाजूला व्हायचा आणि मग अडवायचा विचार करायचा. पण ऐन उमेदीत सुट्टीवर येताना ते चेंडू घेऊन आले, तेव्हा थोरल्या भावानं, आप्पासोनं, भर चावडीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "आमच्या लालाला सरकार कशाचा पगार देतंय, ठावं हाय का? चेंडूला लाथा घालायचा!" आप्पासो नावाजलेला पैलवान. तो हसला म्हणजे गावाला हसणं भागच होतं. तेव्हापासून लालासाहेब गावात 'लाथाड्या' झाले. पुन्हा कधी त्यांनी गावात चेंडूला पाय लावला नाही, आणि पेन्शनीवर आल्यावर फुटबॉलचा विषयही काढला नाही.

आणि आता तोच आप्पासो शाळेच्या समितीचा अध्यक्ष होऊन फुटबॉलवर भाषणं ठोकत होता. एसटी स्टँडसमोर त्याचा फलक लागला होता, 'फुटबॉल आमच्या रक्तात'. त्यावर आप्पासोचा फोटो हा एवढा, कोपऱ्यात नात अंकिताचा बोटभर, आणि लालासाहेबांचा शोधूनही सापडत नव्हता. सुभेदार स्टँडवर जायचेच बंद झाले.

फलकाचं कारण अंकिता. नववीतली पोरगी, पायांत वारं भरल्यासारखी पळायची. जिल्ह्यातून मोजक्या मुली निवडून नवी मुंबईला नेणार होते. अंतिम सामन्याआधी झेंडा धरून त्या मैदानावर चालणार, साऱ्या जगाला दिसणार. दसऱ्यानंतरच्या रविवारी निवड करणारे साहेब गावोगाव फिरून, मुली खेळतात तिथंच त्यांचा खेळ बघणार होते. अंकिताचं नाव पक्कं, असं गाव धरून चाललं होतं.

पोरी खेळायच्या कुठं? शाळेच्या अंगणात फरशा बसवलेल्या आणि ते खाटेएवढं. म्हणून त्या ओढ्याकडच्या पड रानात खेळायच्या. रान लालासाहेबांचं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही कुणाला हाकललं नव्हतं. शिकवायला साताऱ्याहून दिग्विजय नावाचा ट्रॅकसूटमधला पोरगा येई, गळ्यात शिट्टी, हातात मोबाईल. सुभेदार बांधावर बसून बघत. अंकिता डावीकडून सुसाट निघायची आणि गोलाजवळ आली की चेंडू उजव्या पायावर घ्यायला थबकायची. तेवढ्यात समोरची पोर चेंडू काढून घ्यायची. दर वेळी हेच. तिला काय सांगायला पाहिजे ते सुभेदारांना लख्ख कळत होतं. दिग्विजयला कळत नव्हतं, याचं त्यांना बरंच वाटे. पोरगी चुकली की त्यांच्या जिवाला थंड वाटायचं, आणि चांगली धावली की अंगाची लाही व्हायची. चौदा वर्षांच्या नातीचा हेवा करतोय हे म्हातारा स्वतःशी कबूल करत नव्हता. आपला राग आप्पासोवर आहे, असं त्यानं मनाला पटवून ठेवलं होतं.

पाऊस ओसरला की जतकडचे धनगर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. ऊस लावण्याआधी शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतात. मेंढरांच्या लेंड्या-मुताचं खत रानाला मिळतं, धनगराला धान्य मिळतं. बिरदेव दरसाल या गावात यायचा. यंदा तो शिवेवर आला न आला तोच सुभेदारांनी त्याला गाठलं.

"बिरदेवा, औंदा पैलं माज्या रानात बसायचं."

"बसू की. कवापास्न?"

"शुक्रवारपास्न. आठवडाभर."

घरी शालूबाईंनी हे ऐकलं आणि परातीतलं पीठ मळता मळता त्यांचा हात थांबला. "आवं, रविवारी तितं पोरींची निवड हाय न्हवं?"

"मग? मला ऊस लावायचाय. रानाला खत नगं?"

"ऊस काय पळून चाललाय?"

"माजं रान हाय, शालू. त्यात मी मेंढरं बसवीन, न्हाईतर हत्ती बसवीन."

शालूबाईंनी नवऱ्याकडं नीट बघितलं. त्या दिवशीची आमटी खारट झाली होती.

शुक्रवारी रानात मेंढरांचा वाडा बसला. रानभर जाळी लागली, मेंढरांनी गवत सपाट केलं, आणि त्यांच्या लोकरीतून आलेले सराट्याचे काटे जागोजाग सांडले. शनिवारी दिग्विजय आणि शाळेच्या बाई रानात सुभेदारांकडं आल्या. उद्या सकाळपुरतं रान मोकळं मिळालं तर बरं होईल, म्हणाल्या. आप्पासो स्वतः आला नाही. तो मागं रस्त्यावर छत्री टेकून उभा होता. सुभेदारांनी ते बघितलं. याच घटकेसाठी त्यांनी सगळा घाट घातला होता. त्यानं पुढं यावं, तोंड उघडावं, एकदा तरी 'लाला' म्हणून काही मागावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

आप्पासो जागचा हलला नाही.

बिरदेवच म्हणाला, "सुभेदार, सकाळपुरतं हलीवतो की वड्याकडं. सराटं माजी पोरं येचत्याल. कायसुदिक अडचण न्हाई."

"अडचण कशी न्हाई?" सुभेदार आप्पासोला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "शिदा घेतलास, निवद दावलास. एकदा बसलेला वाडा मधीच उठवत्यात व्हय? रानाला ते धार्जिणं न्हाई. जुनी रीत हाय."

रीतीपुढं काय बोलणार? बाई माघारी वळल्या. बिरदेव खाली बघत राहिला. रीत अशी होती खरी, पण रानाच्या मालकानं हो म्हटलं की ती कुणालाही आड येत नव्हती. हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं, रस्त्यावरच्या आप्पासोलाही. तो छत्री उचलून घराकडं चालू लागला.

रविवारी साहेब आले आणि पोरी शाळेच्या फरशीवर खेळल्या. अंकिताचं सगळं बळ लांबच्या पळण्यात. अंगणात ती चार पावलं टाकायच्या आत भिंत यायची. चेंडू दोनदा कौलांवर गेला, एकदा ती फरशीवर घसरून गुडघ्यावर पडली. साहेबांनी तिची विचारपूस केली आणि दोन गावं पलीकडची एक मुलगी निवडली. तिकडं मैदान मोठं होतं.

बातमी आली तेव्हा सुभेदार जेवत होते. खोटं कशाला सांगायचं, त्यांनी त्या दिवशी एक भाकरी जास्तच खाल्ली.

अंतिम सामन्याच्या दिवशी शाळेत मोठा पडदा लावला होता. गाव लोटलं. न जावं तर बोभाटा होईल म्हणून सुभेदारही गेले आणि मागच्या बाकावर बसले. सामना सुरू व्हायच्या आधी मैदानावर दोन्ही संघांचा सराव चालला होता. थोड्या वेळानं कुणीतरी शेजारी येऊन बसलं. बघतात तर अंकिता. गुडघ्यावरची खपली अजून गेली नव्हती.

"सुभेदार आबा, ती लांब वेणीची बगा. समदं डाव्या पायानं मारती. मला का जमत न्हाई?"

"कुणी शिकवलं न्हाई म्हणून."

"तुमी का न्हाई शिकवलं?"

इतक्या वर्षांचा कढ एकदम वर आला. "मला कुणी इचारलं? तुज्या आज्यानं फलक लावला, भाषणं केली. एकदा तरी माजं नाव घेतलं का त्यानं?"

अंकिता त्यांच्याकडं बघत राहिली. "आमच्या आबांनीच ताकीद दिलती घरात. सुभेदाराम्होरं फुटबॉलचं नाव काडायचं न्हाई म्हणून. म्हणत्यात, मी मस्तीत त्येला भर चावडीवर हसलो आन त्येचा खेळ मोडला. आता कुटल्या तोंडानं सांगू, माज्या नातीला शिकीव म्हणून?"

आप्पासो पुढच्या रांगेत बसला होता. पैलवानाचे खांदे कधी एवढे पडले, ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अंकिता," ते हळू म्हणाले, "ती मेंढरं..."

"ठावं हाय. बिरदेवमामांनी सांगितलं. सकाळपुरतं हलीवतो म्हणलेले न्हवं ते?"

"आन दादा? तुजा आजा काय म्हणला?"

"आई लय चिडलीती, तुमच्याकडं भांडायला निगालीती. आबांनी आडवलं. म्हणले, जाऊ द्या, लालाचं माज्याकडं देणं हुतं, ते फिटलं."

पडद्यावर वाजंत्री सुरू झाली. बोगद्यातून मुली बाहेर आल्या, झेंड्याची कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. गाव टाळ्या वाजवत उभं राहिलं. आप्पासोही उठला, पण तो टाळ्या वाजवत नव्हता. मागच्या बाकावरची दोघं तेवढी बसून राहिली.

"सुभेदार आबा," अंकिता पडद्याकडं बघतच म्हणाली, "तुमचं आन आबांचं फिटलं. माजं काय?"

मुली झेंडा घेऊन मैदानाच्या मधोमध पोचल्या होत्या, आणि अंकिता त्यांतली एकेक मुलगी नीट निरखून बघत होती.