कोरड्या चकत्या

चार फेब्रुवारीच्या शनिवारी शेवंती पोळ्यांच्या कामावरून परतली तेव्हा तिच्या पिशवीत एक पुठ्ठ्याचा खोका होता. खोक्यात मासे पकडायच्या गळाचं नवं रीळ होतं. मुठीएवढं, काळं, दोन्ही बाजूंना चकचकीत कडी. ते विद्याधर प्रधानांचं.

प्रधान बहारीनमध्ये जहाजदुरुस्तीच्या गोदीत मेंटेनन्स सुपरवायझर होते. सुट्टीवर बोरीवलीला आले होते आणि चौदा तारखेला परत जाणार होते. त्यांच्या खात्यात ऑयलरची, म्हणजे यंत्रांना तेल घालणाऱ्याची, एक जागा रिकामी होती आणि माणूस तेच निवडणार होते. शेवंती त्यांच्या घरी सहा वर्षं पोळ्या करत होती. ती कुंदावहिनींशी बोलली, वहिनी नवऱ्याशी बोलल्या आणि त्यातून हा खोका आला.

"साहेब म्हणाले, नवऱ्याक दाखव. नवा असा, पण वजन फेकला की वीस पावलार पडता. मूठ पण जड फिरता. ह्यां जमला तर पुढचा बोलू."

"पुढचा म्हणजे?"

"पुढचा म्हणजे बहारीन. आणि काय?"

शेवंतीचा नवरा सहदेव घाडी चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्यातली बावीस वर्षं तो गिरणीच्या मागखात्यात तेलवाला होता. संप सुरू झाला जानेवारी ब्याऐंशीत. आता चौऱ्याऐंशी होतं. कुणी संपाचं विचारलं तर तो "चालू आहे" एवढंच सांगायचा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पत्रे दाबायच्या एका कारखान्यात तो वॉचमन होता. पासपोर्ट होता, संपाच्या पहिल्या वर्षी एका एजंटाच्या नादाने काढलेला, अजून कोरा.

रविवारी सकाळी त्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, तीन स्क्रू काढले आणि रीळ उघडलं. जो भाग निघेल तो निघाल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत गेला. दोष पाच मिनिटांत सापडला. कारखान्यातून निघतानाच बेअरिंगांमध्ये घट्ट ग्रीस कोंबलेलं होतं. दोरा गुंडाळायचा ड्रम त्यात रुतून बसला होता. बोटाने टिचकी मारली तर चार आकडे मोजेपर्यंत थांबायचा.

त्याने बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली, फडक्यावर सुकवली. मग कुप्पी काढली. लांब चोचीची ही तेलाची कुप्पी गिरणीची होती. संपाच्या आदल्या दिवशी ती डब्याच्या पिशवीत राहून गेली होती. तीत आता शिलाई मशीनचं तेल असायचं. प्रत्येक बेअरिंगला दोन थेंब. दातेरी चाकांना जुनं ग्रीस पुसून नवा पातळ हात. पुन्हा टिचकी मारली. एकतीसपर्यंत मोजलं तेव्हा ड्रम थांबला.

मुठीच्या बुंध्याशी चांदणीच्या आकाराचं एक लहान चाक होतं. त्याच्या आत पाच चकत्या एकावर एक बसवलेल्या होत्या. एक पोलादी, एक तपकिरी फायबरची, अशा आलटून पालटून. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. पाचही पूर्ण कोरड्या होत्या. खोक्यातल्या कागदावर तेल कुठे घालायचं त्याचं चित्र होतं आणि त्यावर तीन बाण होते. या चकत्यांकडे एकही बाण नव्हता. सहदेवने चित्र पाहिलं. मग एकेका चकतीला तेल लावलं आणि त्या परत बसवल्या.

"इतक्या तेलात भजी तळून झाली असती," शेवंती चुलीकडून म्हणाली.

"कोरडा ठेवून चलाचा नाय."

सोमवारी तिने रीळ नेऊन दिलं. संध्याकाळी परतली ती दारातूनच बोलत. साहेबांनी जेवणाच्या टेबलावर ड्रम फिरवला होता. वहिनींना आतून बोलावून दाखवलं होतं. बघ, थांबतच नाही. ह्या माणसाच्या हाताला म्हणतात हात. पासपोर्टचा नंबर आणि दोन फोटो मागितले होते. आणि रविवारी गोराईला मासे पकडायला ये, असा निरोप होता.

मंगळवारी सकाळी कारखान्याच्या फाटकावर माणिक नावाच्या दुसऱ्या वॉचमनने त्याला कडक सलाम ठोकला.

"सलाम, शेखसाहेब! उंटावरून आलात की बसने?"

"नंबर फक्त घेतलाय रे."

"नंबर घेतला म्हणजे झालं. आमची चटई, आमचं घड्याळ, काय हवं ते लिहून ठेवतो मी. यादी करू ना?"

तेवढ्यात आतून फोरमनचा आवाज आला. "प्रेसच्या ब्रेकवर तेल कोणी सांडलं? बंद करा आधी! बोटं तोडायचीत का कुणाची?"

दोन माणसं फडकी घेऊन धावली. सहदेव हजेरीची वही हातात धरून उभा राहिला. त्याला मागखात्यातला जॉबर, तिथला मुकादम, आठवला. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मागाच्या ब्रेकला तेल लागलं म्हणून त्या जॉबरने कानाखाली मारली होती. चालतं त्याला तेल, थांबवतं त्याला नाही. हे वाक्य त्याने पुढे बावीस वर्षं नव्या पोरांना ऐकवलं होतं. चांदणीचं चाक आवळलं की चकत्या एकमेकींवर दाबल्या जाणार. दाबल्या की ड्रम धरला जाणार. चित्रात तिथे बाण नव्हता, कारण तो ब्रेक होता.

"काय झालं?" माणिकने विचारलं.

"काही नाही. यादी कर तू."

सांगायला सोपं होतं. शेवंती रोज सकाळी सातला प्रधानांच्या स्वयंपाकघरात असायची. एक वाक्य पुरलं असतं. रीळ परत आलं असतं, तासाभराचं काम होतं. पण साहेबांच्या हातात फक्त तो एक रविवार होता. मासा लागला नाही तर ब्रेकशी संबंधच येणार नव्हता, आणि पुढच्या मंगळवारी ते विमानात असणार होते. बुधवारी तो बोलला नाही. गुरुवारी फोटो काढून आला. शुक्रवारी शेवंतीने विचारलं, "गप कित्याक?" तो म्हणाला, "काय नाय." आपल्याला भीती वाटायला हवी हे त्याला कळत होतं. तो त्या भीतीची वाटही पाहत होता. ती आली नाही. गेली दोन वर्षं बऱ्याच गोष्टी अशाच त्याच्यासमोरून निघून गेल्या होत्या.

रविवारी सकाळी होडीने खाडी ओलांडून प्रधान आणि सहदेव गोराईच्या खडकांवर पोचले. प्रधानांनी काठीला रीळ बसवलं, गळाला कोलंबी लावली आणि वजन फेकलं. दोरा सळसळत गेला. वजन पडलेलं खूप लांबवर दिसलं.

"सत्तर पावलं! सहदेव, मागच्या आठवड्यात मी इथे उभा राहून स्वतःच्या पायावर वजन पाडत होतो. कुंदा म्हणाली, मासे बाजारातून आणा, स्वस्त पडतील."

सहदेव हसला.

"तिकडे ऊन फार. मिठाची गोळी खायची, पाणी पीत राहायचं. आणि जेवण केरळी माणसाच्या हातचं. शेवंतीच्या पोळ्या विसरायच्या. जमेल?"

"जमेल, साहेब."

दोन तास काही लागलं नाही. थर्मासमधला चहा संपला. सव्वादहाला प्रधान म्हणाले की अकराला निघू. सहदेवने त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे तीन वेळा पाहिलं. अकराला वीस मिनिटं असताना काठी वाकली.

ड्रम उलटा सुटला. प्रधानांनी चांदणीचं चाक आवळलं. ड्रम सुटतच राहिला. त्यांनी ते आणखी आवळलं, फिरेनासं होईपर्यंत. मूठ फिरत होती, पण दोरा बाहेरच चालला होता.

"अरे, धरत का नाही हे? सहदेव! धरत का नाही?"

दोऱ्याखालून ड्रमचा धातू दिसू लागला. सहदेवने हात पुढे केला आणि उजवा अंगठा फिरत्या दोऱ्यावर दाबला. दोरा अंगठ्याखालून गेला, मग सावकाश गेला, मग थांबला.

"काठी वर घ्या, साहेब. आता खाली, खाली नेताना मूठ फिरवा. पुन्हा वर."

काठी वर जाताना अंगठा दाबायचा, खाली येताना उचलायचा. असं पाऊण तास चाललं. शेवटी एक शिंगाळा खडकाला लागला, सात-आठ किलोचा, काटे ताठ उभारलेला. प्रधानांनी तो फडक्यात धरून वर घेतला आणि मोठ्याने हसले. मग त्यांचं लक्ष ड्रमकडे गेलं. दोरा लाल झाला होता. त्यांनी खिशातला रुमाल काढून सहदेवच्या अंगठ्याला बांधला. बांधताना त्यांचं हसणं कमी होत गेलं.

"ब्रेक गेला हे मला कळायच्या आत तुझा हात आला. रीळ चालताना तू आज पहिल्यांदा बघतोयस. तुला कसं कळलं?"

"चकत्यांना तेल लावलंय मी. रिळाच्या ब्रेकला."

"हे कधी कळलं तुला?"

'आत्ता' हा शब्द तयार होता.

"मंगळवारी," सहदेव म्हणाला.

"आज रविवार आहे."

"हो, साहेब."

प्रधान खडकावर बसले. शिंगाळा अजून तोंड उघडत-मिटत होता.

"तेल चुकीच्या जागी पडतं. माझ्या हातूनही पडलंय. आमच्याकडे वजन उचलायच्या विंचला पाच-पाच टनांचे पत्रे टांगलेले असतात आणि खाली माणसं असतात. म्हणून रोज सकाळी विचारतो, काल काय चुकलं ते बोला. बोलणारा माणूस लागतो तिथे."

"मी सांगितलं ना, साहेब."

"मासा लागल्यावर. मी विचारल्यावर."

प्रधानांनी बाकीची कोलंबी पाण्यात फेकली आणि सामान आवरायला घेतलं.

"फोटो शेवंतीकडे परत पाठवतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मासा तू ने."

"रीळ द्या माझ्याकडे. चकत्या नीट करून देतो."

प्रधानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि रीळ काठीवरून काढून दिलं.

दुपारी सहदेवने रीळ आधी गोड्या पाण्याने पुसून मीठ काढलं. चकत्या रॉकेलमध्ये धुतल्या, मग रॉकेल काढायला साबणाच्या कोमट पाण्यात. पोलादी लगेच कोरड्या झाल्या. फायबरच्या चकत्यांनी तेल प्यायलं होतं. त्या वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये घालून त्याने वर पाटा ठेवला. कागदावर गोल डाग उमटला. कागद बदलला. चौथ्या कागदावर डाग उमटला नाही. मग त्याने सगळं जोडलं आणि दोऱ्याचं टोक पाण्याच्या बादलीला बांधलं. चाक सैल असताना मूठ नुसतीच फिरली आणि बादली जागची हलली नाही. चाक आवळलं, मूठ फिरवली, भरलेली बादली जमिनीवरून उचलली गेली.

शेवंती शिंगाळा कापत होती. घडलेलं तिला त्याने आल्या आल्या सांगितलं होतं.

"आत्ता कळला, असा म्हणूक काय झाला होता?" ती म्हणाली. "एक शब्द. तोंड झिजला असता?"

"म्हणूक नाय."

"मंगळवारी पण म्हणूक नाय, आज पण म्हणूक नाय. दोन्ही वेळेक उलटा."

"व्हय."

तिने हात धुतले, हळदीची वाटी घेतली आणि त्याच्यासमोर बसली. रुमाल अंगठ्याला चिकटला होता. तिने तो एका झटक्यात ओढला. सहदेवने हात मागे घेतला.

"दुखता?"

तो अंगठ्याकडे बघत राहिला. वरची कातडी गेली होती आणि आतलं ओलं, लाल दिसत होतं.

"दुखता," तो म्हणाला. आणि पुन्हा म्हणाला, "खूप दुखता गो."

तिने हळद दाबली, फडक्याची पट्टी बांधली.

रिळाच्या खोक्यात साहेबांसाठी चिठ्ठी घालायची होती. त्याला पेन्सिल धरता येईना. शेवंती चौथी शिकलेली होती. तिने पेन्सिल त्याच्या हातातून घेतली.

"सांगा. मी लिवतंय. पण माफीबिफी लिवूचंय नाय मी."

"नाय. लिही. समुद्रावरून आणल्यावर गोड्या पाण्याने पुसणे. बेअरिंगला दोन थेंब तेल. चकत्यांना नाही."

"चकत्यांना नाही," तिने म्हणत लिहिलं. "आणि?"

"घरी ठेवताना चाक सैल करून ठेवणे."